ग्रेड ५ टायटॅनियमचा २५ मिमी बार: दोन लॉट वापरून झाल्यावर

भोसरी एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं छोटं शॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन). सासऱ्यांनी सुरू केलं, गेली नऊ वर्षं मी बघते. एका कॉलेजच्या रेसिंग टीमनं सस्पेन्शनच्या पिनांचं ड्रॉइंग आणलं आणि मटेरियलच्या रकान्यात लिहिलं होतं ग्रेड ५, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेलं टायटॅनियम. आम्ही ते कधी हातात धरलं नव्हतं.

पहिला लॉट फसला. बारवर मार्करनं ‘ग्रेड ५’ लिहिलेलं, सर्टिफिकेट मात्र ‘नंतर पाठवतो’. लेथवर लावला तर लांबच लांब, मऊ चिप्स निघून टूलभोवती गुंडाळायला लागल्या, इन्सर्टच्या (टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्याच्या) धारेवर धातू चिकटून बसला. सासऱ्यांच्या वेळेपासूनचे आमचे ऑपरेटर काका मशीन थांबवून म्हणाले, “वहिनी, हे फार मऊ लागतंय. तपासून घ्या.” लॅबमध्ये तुकडा नेला. व्हॅनेडियम नावालाही नव्हतं. साधं शुद्ध टायटॅनियम होतं, ग्रेड २. वजनाला दोन्ही जवळपास सारखेच, ग्राइंडरवर दोघांचीही ठिणगी पांढरीशुभ्र, त्यामुळे डोळ्यांनी फरक कळत नाही. पण ग्रेड २ ची ताणशक्ती किमान ३४५ मेगापास्कल आणि ग्रेड ५ ची किमान ८९५. त्या गाडीत विशीतली पोरं बसणार होती. मला रात्री झोप लागली नाही.

दुसरा लॉट दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतला. बारच्या टोकावर हीट नंबर (धातूच्या घाण्याचा क्रमांक) पंच केलेला, तोच सर्टिफिकेटवर, तरीही लॅबमधून खात्री केली. माझं बाकीचं मत या दुसऱ्या बारबद्दलच आहे.

हातात घेतल्यावर पहिल्यांदा वजनच जाणवतं. २५ मिमीचा एक मीटर बार २ किलो १७० ग्रॅमच्या आसपास भरतो. तेवढाच स्टीलचा ३ किलो ८५० ला जातो. आणि ताकदीला ८.८ दर्जाच्या मजबूत स्टील बोल्टपेक्षा सरस. मात्र ताठपणा स्टीलच्या निम्म्याहून थोडाच जास्त, हे डिझाइन करणाऱ्यानं विसरू नये. आमची लांब पिन लेथवरच टूलपासून मागे सरायची आणि मोकळ्या टोकाला चाळीस मायक्रॉन जाड राहायची. त्या टोकाला टेलस्टॉकचा आधार दिला, शेवटचे दोन कट सारख्याच खोलीचे घेतले, तेव्हा माप बसलं.

खरी परीक्षा उष्णतेची. हा धातू उष्णता पुढे नेतच नाही, ईएन ८ च्या (आमच्या नेहमीच्या मध्यम कार्बन स्टीलच्या) जेमतेम सातव्या हिश्श्याइतकी नेतो. त्यामुळे सगळी गरमी इन्सर्टच्या टोकावर साचते. ईएन ८ ला आम्ही मिनिटाला १८० मीटरचा कटिंग स्पीड देतो, इथे ५० वर आलो, म्हणजे या डायाला २३०० आरपीएमवरून थेट ६४० वर. फीड (एका फेऱ्यात टूल किती पुढे सरकतं ते) मात्र कमी करायचा नाही. काकांनी सवयीनं हात आखडता घेतला आणि टूल कापायचं सोडून घासायला लागलं. चार पिनांत इन्सर्ट गेला. ०.१५ मिमी फीड, कोटिंग नसलेला धारदार कार्बाइड इन्सर्ट आणि कूलंटची धार नेमकी टोकावर, एवढं जमल्यावर एका धारेवर अठरा पिना निघाल्या. आवाजसुद्धा बदलतो, किंचाळणं थांबून एकसारखी घरघर येते.

चिप्सचं मनावर घ्या. बारीक चिप्स पेट घेतात आणि त्यावर पाणी मारलं तर आग भडकते. आम्ही मशीनशेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवली आहे आणि चिप ट्रे रोज संध्याकाळी रिकामा होतो.

टीमनं “हार्डनिंगही करून द्या” म्हटलं होतं. मी नाही म्हटलं. बार ॲनील करून (तापवून, हळू थंड करून) आला होता, ती ताकद त्यांना पुरेशी होती. आणि साध्या भट्टीत तापवला तर हवेतला ऑक्सिजन आत शिरून वर कडक, ठिसूळ कातडी तयार होते. तडा तिथूनच सुरू होतो. हे काम व्हॅक्यूम भट्टीचं.

आटे हा एकच भाग मला अजून त्रास देतो. टायटॅनियमवर टायटॅनियमचा नट कोरडा फिरवला की धातू धातूला धरतो आणि मग नट पुढेही जात नाही, मागेही येत नाही. दोन पिना अशा कापून काढाव्या लागल्या. आता जोडणीआधी मॉली पेस्ट (मॉलिब्डेनमचं वंगण) लावल्याशिवाय माल बाहेर सोडत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण आट्यांचा कापला. किंमत ईएन ८ च्या कितीतरी पट आहे, पण जिथे वजन खरंच मोजलं जातं तिथे मी हाच सुचवेन. पुढची ऑर्डर २० मिमीची दिली आहे, सेंटरलेस ग्राइंडिंग केलेला (बाहेरून घासून नेमक्या मापाला आणलेला) बार, म्हणजे लेथच्या कॉलेटमध्ये (पकडीत) नीट बसेल. सर्टिफिकेटची प्रत आधी मागवून घेतली, पैसे नंतर पाठवले.