होलीरूडच्या पार्लमेंटमध्ये प्रदर्शन लावलं त्याचा अनुभव (५ पैकी साडेचार)

ग्लासगो, अ‍ॅबरडीन, डंडीकडच्या मराठी मंडळांमधून दोन-तीन जणांनी विचारलं की तुम्ही एडिनबऱ्यात होलीरूडला, म्हणजे स्कॉटलंडच्या पार्लमेंटमध्ये, प्रदर्शन लावलंत ते नक्की कसं जमवलंत, ओळख होती का कोणाची, पैसे किती लागले. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच सगळं लिहिते. पोस्ट मोठी होणार आहे.

आधी विषय सांगते, कारण परवानगीचं अर्धं काम विषयच करतो. आमचं प्रदर्शन होतं पॅट्रिक गेडिसवर. हा शहर नियोजनकार इथला, १८५४ साली बॅलेटरला जन्मला, एडिनबऱ्याच्या जुन्या वस्त्या त्याने सुधारल्या, आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्रोफेसर झाला. आपले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे विद्यार्थी, पुढे त्यांनीच तो विभाग मोठा केला. इतकं थेट नातं असून एडिनबऱ्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना ते माहीत नाही, आणि इथल्या लोकांना गेडिस माहीत असतो पण मुंबईतला गेडिस माहीत नसतो. हे मला कित्येक वर्षं टोचत होतं. त्याचा आउटलुक टॉवर, म्हणजे आता जिथे कॅमेरा ऑब्स्क्युरा (काळोख्या खोलीत भिंगातून शहराचं चित्र दाखवतात ते) आहे ती बिल्डिंग, कॅसलहिलवर आहे, आणि तिथून रॉयल माईल हा जुन्या शहराचा मुख्य रस्ता सरळ खाली उतरत आलं की शेवटी पार्लमेंट. म्हणून जागा हीच हवी असं डोक्यात बसलं होतं.

आता मुख्य गोष्ट. या बिल्डिंगमध्ये बाहेरच्या संस्थेला कार्यक्रम किंवा प्रदर्शन करायचं असेल तर तुम्ही थेट जाऊन बुकिंग करू शकत नाही, कोणीतरी एमएसपी, म्हणजे इथला आमदार, तुमचा स्पॉन्सर व्हावा लागतो. स्पॉन्सर म्हटलं की आपल्याला वाटतं पैसे देणारा, तसं नाही हं. तो तुमच्या वतीने अर्ज करतो, कार्यक्रमाला स्वतः यजमान म्हणून उभा राहतो आणि तुम्ही काय लावताय त्याची जबाबदारी घेतो. आमच्या मंडळातले काका पहिल्यांदा म्हणाले, "अगं, आपल्याला कोण आमदार ओळखतो? वशिला लागणार." मी म्हटलं, "काका, ओळख कशाला, आपण मतदार आहोत ना." आणि खरंच तेवढ्यावर झालं. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, स्कॉटलंडमध्ये तुमचा एमएसपी एकच नसतो, एकूण १२९ आहेत, त्यातले ७३ मतदारसंघांचे आणि ५६ रीजनचे, म्हणजे मोठ्या विभागांचे, आठ रीजन आणि प्रत्येकी सात. म्हणजे तुमच्या पत्त्यावर एक अधिक सात असे आठ एमएसपी तुमचे प्रतिनिधी असतात, वेगवेगळ्या पक्षांचे. एकाने नाही म्हटलं किंवा उत्तर आलं नाही तर अजून सात दारं आहेत. आम्हाला तिसऱ्या ईमेलला होकार आला. पक्ष कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, त्याने काही फरक पडला नाही.

ईमेल कसा लिहायचा तेही सांगते. आमचा पहिला ईमेल दोन पानी होता, मंडळाचा इतिहास, कार्यकारिणी, गणपती किती वर्षं बसतो वगैरे, त्यात गेडिस तिसऱ्या परिच्छेदात आला. उत्तर आलं नाही. मग वहिनींनी तो फाडून सहा ओळींचा केला, की हा माणूस तुमच्या मतदारसंघात राहिला, याने आमच्या मुंबईत शिकवलं, आमच्याकडे आठ पॅनेल तयार आहेत, तुमच्या सहकाऱ्यांना शहर नियोजनावर बोलायला विषय मिळेल. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. प्रदर्शनाचा पार्लमेंटच्या कामाशी काहीतरी संबंध असावा अशी अपेक्षा असते, फक्त "आमची संस्कृती बघा" एवढ्यावर अडतं. घरं, शाळा, आरोग्य, झाडं, भाषा, कशाशी तरी जोडा, आणि ओढूनताणून नको, खरं जोडा.

काय चालत नाही: विक्री नाही, देणगीची पेटी नाही, कोणाच्या पक्षाचा प्रचार नाही. आम्ही छोटी पुस्तिका दोन पौंडांना ठेवणार होतो, ती मग फुकट वाटली. बाहेरचं खाणंही नाही, रिसेप्शन ठेवलंत तर तिथल्याच केटरिंगकडून घ्यावं लागतं. दीपप्रज्वलनाचा विचार सोडून द्या, उघडी ज्योत चालणार नाही हे मीच आधी मंडळाला सांगितलं, समई नुसती फुलं घालून ठेवली आणि ती छान दिसली. जागेचं भाडं काही पडलं नाही, खर्च झाला तो चहा-खाण्याचा आणि पॅनेल छपाईचा. आपल्याकडे हॉल बुक करताना भाडं, डिपॉझिट, साउंडवाला, सफाईवाला असे चार हिशोब असतात त्यामानाने हे हलकं.

तारखेचं मात्र आधीपासून बघा. पार्लमेंटचं कामकाज मंगळवार ते गुरुवार, प्रदर्शनही त्याच तीन दिवसांचं, आणि मधे रिसेस, म्हणजे कामकाजाची सुट्टी, असते. आम्हाला २ ऑक्टोबर, गेडिसचा वाढदिवस, धरून आठवडा हवा होता आणि मग जमलं तर दिवाळी. ऑक्टोबरमध्येच रिसेस येते, त्यात आधीच लोक रांगेत असतात, त्यामुळे शेवटी मिळाला जानेवारीचा शेवटचा आठवडा. सुरुवातीला हिरमोड झाला. पण संक्रांत होऊन गेलेली, रथसप्तमी यायची, म्हणजे हळदीकुंकवाचेच दिवस, आणि इथे बर्न्स नाइट, म्हणजे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिनाची रात्र, नुकतीच झालेली, लोक जुन्या स्कॉटिश माणसांबद्दल ऐकायच्या मूडमध्ये होते, त्यामुळे शेवटी तोच आठवडा बरा ठरला असं मला वाटतं. सहा-आठ महिने हातात ठेवा. निवडणुकीच्या आधी पार्लमेंट विसर्जित होतं तेव्हाचं काही धरूच नका.

आता मजकुराचं. पॅनेलवरचा सगळा मजकूर आणि फोटो स्पॉन्सरच्या ऑफिसला आधी दाखवले. मला हे खटकेल असं वाटलं होतं, कोणीतरी आपलं लिखाण तपासणार म्हणून. पण त्यांच्या ऑफिसमधल्या मुलीने विचारलेले प्रश्न इतके नेमके होते, की हा फोटो कोणाचा, परवानगी घेतलीत का, हे वाक्य मत आहे की माहिती. तीन ठिकाणी आम्हीच सुधारलं. आणि विचार केला तर हे बरोबर आहे, कारण एकदा त्या भिंतीपाशी काही लागलं की बघणाऱ्याला वाटतं पार्लमेंटचंच म्हणणं आहे. ब्रुसेल्सला युरोपियन पार्लमेंटमध्ये पण सदस्याच्या मार्फतच प्रदर्शन लागतं आणि तिथे क्वेस्टर म्हणून पाच निवडलेले सदस्य असतात ते बघतात, तिथे २०१७ मध्ये एका व्यंगचित्र प्रदर्शनातली काही चित्रं लावू दिली नाहीत आणि त्यावर मोठा वाद झाला होता. मला तो निर्णय पटला नव्हता. व्यंगचित्र टोचणारच. पण निदान तिथे नाही म्हणणारा माणूस निवडून आलेला होता, त्याला नावानिशी जाब विचारता आला, हे मला महत्त्वाचं वाटतं. कुठल्यातरी टेबलावर फाइल अडकली आणि कोणी अडवली तेच कळलं नाही, तो प्रकार आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

लावायच्या दिवसाची गोष्ट. आठ पॅनेल एका कुरियरने मागवली होती, धड आली सहाच. एक हरवलंच आणि एकाचा कोपरा पूर्ण दुमडलेला. कुरियरवाले फोनवर "उद्या बघतो" म्हणत राहिले. आणि हरवलेलं पॅनेल कुठलं, तर जहाजाचं! म्हणजे १९१४ मध्ये गेडिस हिंदुस्थानात निघाला तेव्हा त्याचं शहरांवरचं सगळं प्रदर्शन, नकाशे, चित्रं, वेगळ्या जहाजाने येत होतं, क्लॅन ग्रँट नावाचं, आणि एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते हिंदी महासागरात बुडवलं. सगळं गेलं. मग इकडच्या मित्रांनी पुन्हा सामान गोळा करून पाठवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन उभं राहिलं. काका त्या रात्री म्हणाले, "त्याचं अख्खं बुडालं तरी त्याने उभं केलं, आपलं तर एकच गेलंय, चल." लीथ वॉकवरच्या एका छपाईवाल्याने दुकान बंद करायच्या वेळी थांबून दोन्ही पॅनेल पुन्हा छापून दिली. म्हणून छपाईची फाइल फोनमध्ये ठेवा आणि सामान एक आठवडा आधी हातात येईल असं बघा.

आत नेताना एअरपोर्टसारखं स्कॅनिंग होतं, सामानाचं आणि माणसांचं. पाहुण्यांची नावं आधी द्यावी लागतात. ज्या बाईंनी आम्हाला आत नेलं, जागा दाखवली, स्टँड सरळ आहेत का बघितलं, त्यांनी माझ्या सासूबाईंना बसायला खुर्ची आणून दिली, आम्ही न मागता. असल्या गोष्टी लक्षात राहतात.

जागा गार्डन लॉबी, म्हणजे बिल्डिंगच्या आतलं मोठं दालन. एन्रिक मिरायेस या वास्तुकाराने काढलेली ही बिल्डिंग, तो स्वतः २००० मध्येच गेला, बिल्डिंगचं उद्घाटन २००४ च्या ऑक्टोबरमध्ये झालं, खर्च ४१४ मिलियन पौंडांवर गेला म्हणून लोक अजून नावं ठेवतात. नावं ठेवणाऱ्यांनी एकदा जानेवारीतल्या दुपारी गार्डन लॉबीत उभं राहावं. छताला पानांच्या आकाराच्या काचा आहेत, त्यातून उजेड खाली येतो. गेडिस मूळचा वनस्पतीशास्त्राचा प्रोफेसर, डंडीला तीस वर्षं शिकवलं, पानांमुळे आपण जगतो असं सांगत फिरणारा माणूस, आणि त्याची पॅनेल नेमकी त्या पानांखाली. मी बराच वेळ नुसती वर बघत होते.

कामाची टिप: सभागृहाकडे जायचा जिना याच लॉबीतून आहे. रोज पाचच्या सुमाराला डिसिजन टाइम असतो, मतदानाचा, त्याच्या आधी आणि नंतर सगळे एमएसपी तिथूनच जातात. दुपारी तीनला पॅनेलपाशी पाच जण उभे ठेवून उपयोग नाही, पावणेपाचला ठेवा. पहिल्या दिवशी आम्हाला हे कळलं नाही, बरोबर पाचला सगळे चहा प्यायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी वहिनी आणि मी इंदूरच्या पॅनेलपाशी ठाण मांडलं. होळकरांच्या इंदुरात प्लेग होता तेव्हा गेडिसने दिवाळीची मिरवणूक काढली, मिरवणूक कुठल्या रस्त्याने जाणार तर ज्या गल्ल्या लोकांनी सर्वात स्वच्छ केल्या त्या रस्त्याने, आणि त्यात एक भलामोठा उंदीर केलेला. हे सांगितलं की माणूस थांबतोच! एक एमएसपी दहा मिनिटं थांबले, त्यांनी विचारलं की मग लोकांनी खरंच गल्ल्या साफ केल्या का. केल्या, म्हणून तर लोक अजून सांगतात.

आता अर्धा गुण का कापला. गार्डन लॉबी सगळ्यांसाठी उघडी नाही. तिथे सदस्य, स्टाफ आणि नाव दिलेले पाहुणे. रस्त्यावरून कोणी आत येऊन बघू शकत नाही, त्यासाठी मेन हॉल आहे, तो सर्वांना फुकट खुला, पण तिथली मोठी प्रदर्शनं पार्लमेंट स्वतः ठरवतं. २०१३ मध्ये तिथे ग्रेट टेपेस्ट्री ऑफ स्कॉटलंड लावली होती, १६० पॅनेलांचं भरतकाम, गावोगावच्या बायकांनी मिळून केलेलं (आता ती गॅलाशील्सला कायमची आहे). आई तेव्हा आली होती, गोधड्या शिवणारी बाई ती, दोन तास टाके बघत फिरली, कोणी विचारलं नाही कोण तुम्ही, कुठून आलात. आमच्या प्रदर्शनाला तसं कोणी सहज आत शिरलं असतं तर मला फार आवडलं असतं. सुरक्षा लागते हे कळतं, तरीही. ज्यांना यायचं होतं पण नाव द्यायचं राहिलं अशा चार कुटुंबांना आम्ही नाही म्हटलं, ते मला अजून लागतं. तेव्हा पाहुण्यांची यादी करताना आपल्यातल्या ओळखीच्यांबरोबर नव्याने आलेली विद्यार्थी मुलं, आजी-आजोबा, सगळ्यांना आठवून आठवून लिहा.

लंडनच्या मंडळींसाठी, वेस्टमिन्स्टरलाही एमपी स्पॉन्सर लागतो, मी तिथे स्वतः केलेलं नाही म्हणून जास्त लिहीत नाही.

गुरुवारी संध्याकाळी पॅनेल उतरवून बाहेर आलो, समोर ते पाण्याचे हौद आहेत तिथे. मागे आर्थर्स सीटचा डोंगर काळोखात, वारा असा की पिशव्या उडत होत्या. वहिनींनी तिळगुळाचा डबा तिथे उघडला, आत आणता आला नव्हता ना. स्पॉन्सरच्या ऑफिसमधली ती मुलगी सायकल घेऊन घरी निघालेली, तिला थांबवून सासूबाईंनी दोन वड्या हातात ठेवल्या आणि मराठीतच म्हणाल्या, गोड बोल गं बाई. मी तिला अर्थ सांगितला. तिने एक वडी तिथेच खाल्ली आणि दुसरी कोटाच्या खिशात ठेवली.