कुंड्यांचं ठिबक किट आणि टायमर: घ्या, पण आधी तुमची टाकी कुठेय ते बघा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मागवलं होतं, आता एप्रिल संपत आला, म्हणजे चांगलं दीड महिना वापरून मग लिहितेय, डबा उघडल्या उघडल्या पाच स्टार देणाऱ्यांतली मी नाही. ३० गमल्यांचं किट ८९९ ला पडलं आणि बॅटरीवरचा टायमर वेगळा २१०० ला. (इंदुरात राहून कुंडीला गमला म्हणायची सवय लागलीय, चालवून घ्या.)

घ्यायचं कारण म्हणजे जिना. गच्चीवर २६ गमले, खाली अंगणात भिंतीलगत मोगऱ्याची ओळ, आणि इतकी वर्षं दोन्हीकडचं पाणी सासूबाईंकडे होतं. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. नवरा आठलाच पीथमपूरला कामाला निघतो, माझी सकाळ डब्यांत जाते. राहिला मुलगा, नववीची परीक्षा संपलेली, दिवसभर मोबाईल. म्हटलं याच्याकडूनच बसवून घेऊ.

बसवायला दोन तास लागतात असं लिहिलंय, आम्हाला रविवार पुरला नाही, मध्ये पोहे-जिलबीची सुट्टी धरून. १६ मिमीचा काळा पाईप गुंडाळीतून सरळच होईना, मग तासभर उन्हात पसरून ठेवला तेव्हा कुठे ऐकायला लागला. ४ मिमीच्या बारीक नळ्या कनेक्टरवर चढत नव्हत्या, तिथे आईंनी (म्हणजे सासूबाईंनीच) स्वयंपाकघरातून गरम पाण्याचा पेला पाठवला, टोक बुडवलं की सरकन जातं. हे माहितीपत्रकात कुठेही नाही.

आता खरी गोष्ट. टायमर टाकीच्या नळाला लावला, सकाळी ६ ची वेळ लावली, टिक्‌ असा आवाज झाला आणि पाणी काही येईना. कंपनीला फोन केला तर म्हणे मॅडम तुमच्याकडे प्रेशर कमी आहे, प्रॉडक्ट बरोबर आहे. मग भिंग घेऊन माहितीपत्रक वाचलं, शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात 'किमान ०.५ बार'. बार म्हणजे दाबाचं माप. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार, आणि आमची टाकी गच्चीतच ५ फुटी स्टँडवर, म्हणजे जेमतेम ०.१५. आतला व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबावरच चालतो, दाब नाही तर तो नीट उघडतच नाही. बॉल व्हॉल्व्हचा टायमर मिळतो, त्यात मोटरच व्हॉल्व्ह फिरवते, तो टाकीच्या कमी दाबावरही चालतो, पण हे विकताना कोण सांगतं!

टायमर काढून साधा नळ सोडला तर पाणी आलं, पण कसं? चिरंजीवांनी वाट्या मांडून मोजलं. ड्रिपर (नळीच्या टोकाची थेंब सोडणारी टोपी) तासाला ४ लिटरचा, म्हणजे १० मिनिटांत साडेसहाशे मिली पाहिजे. पहिल्या गमल्यात आलं २५०, शेवटच्या जास्वंदीला ९०. मग पाईपचं मोकळं टोक परत आणून सुरुवातीला जोडलं, गोल केला, त्याने फरक बराच कमी झाला, आणि लांबच्या गमल्यांना सियागंज बाजारातून आणलेले फिरवायच्या टोपीचे ड्रिपर लावले. आता नळ हाताने सोडायचा आणि पाऊण तासाने बंद करायचा. दोनदा विसरलो. इंदूरला नळाचं पाणी जिथून येतं त्या जलूदहून ७० किलोमीटर चढून आलेली नर्मदा आमच्या गच्चीच्या पन्हाळीतून रस्त्यावर गेली, त्यावरून आईंनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

टायमर मी परत पाठवायलाच काढला होता. आई म्हणाल्या, "अगं, अंगणातल्या नळाला बघ ना, बादली कशी भसकन भरते, तिथे लाव." इतकं साधं! टाकीपासून खाली दोन मजले आणि वर स्टँड, तिथे ०.७ बारच्या आसपास दाब मिळतोच. लावला आणि पहिल्या दिवसापासून सहाच्या ठोक्याला चालू. मोगऱ्याची फेब्रुवारीत छाटणी करून, पाणी तोडून, मग शेणखत घातलं होतंच, त्यावर हे रोजचं नेमाचं पाणी. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गजरे विकत आणावे लागले नाहीत, आंबेडाळीच्या ताटाशेजारी घरचा बटमोगरा परडीभर होता आणि येणारी प्रत्येक बाई आधी परडीत हात घालत होती.

अजून एक फायदा, जो मला माहीत नव्हता. आपली माळव्याची काळी माती वाळली की गमल्याच्या कडेपासून सुटते, तांब्याने पाणी घातलं की कडेकडेने खाली तबकात जातं आणि मुळं कोरडीच. थेंबाथेंबाने ते मुरतं. वर सुका पाला टाकला तर एक दिवसाआड दिलं तरी झिनिया, सदाफुली मान टाकत नाहीत.

तोटे: बोअरिंगचं पाणी मिसळत असाल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं साचतं, महिन्यातून एकदा लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर टाका. दुपारी चुकूनही सोडू नका, काळ्या पाईपातलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं. आणि पाणी आपोआप मिळतंय म्हणून गच्चीवर चक्कर कमी झाली, तेवढ्यात जास्वंदीवर मिलीबग (पांढरी पिठाळ कीड) पसरला, आठवडाभर नीम तेल मारत बसलो.

अंगणासाठी साडेचार स्टार, गच्चीसाठी अडीच, माहितीपत्रकाला शून्य. बारीक नळी चार मीटर जास्तीची मागवा, आमच्याकडे खारीने तीन ठिकाणी कुरतडली, आता बाजूला पाण्याचं मातीचं भांडं ठेवलंय तर तिकडे जाते, निदान सध्या तरी.