गच्चीवरचा जुना सोलर हीटर: स्वतः दुरुस्त करावा, नळ्यांचा नवा घ्यावा की हीट पंप बसवावा?

कोल्हापुरात राजारामपुरी, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी किंवा उपनगरांतल्या बंगल्यांच्या गच्चीवर पंधरा-वीस वर्षांपूर्वी बसवलेले सपाट पॅनेलचे सोलर हीटर आजही दिसतात. त्यांतल्या अनेकांचे पाणी आता जेमतेम कोमट येते, उरलेले काम टाकीतली विजेची कॉइल किंवा बाथरूममधला गीझर करतो, आणि विजेचे बिल वाढले की जुने काढून नवे बसवण्याची चर्चा घरात सुरू होते. हा निर्णय घाईने घेऊ नये, कारण पाणी गार येण्याचे कारण पुष्कळदा पॅनेलमध्ये नसून पाइपात, नळात किंवा साचलेल्या क्षारात असते.

प्रथम हिशेब मांडू. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ४ युनिट उष्णता लागते, म्हणजे रोज तेवढे पाणी केवळ विजेवर तापवल्यास महिन्याला सुमारे १२० युनिट होतात. जुना सोलर पाणी ४० अंशांपर्यंतच नेत असेल आणि पुढचे २० अंश कॉइल भरून काढत असेल, तर महिन्याला ७० युनिटांच्या आसपास वीज त्या उणिवेपायी जाते. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांनंतर दर चढत असल्यामुळे हे ७० युनिट बहुधा महागड्या टप्प्यातले असतात. दुरुस्ती असो वा खरेदी, तिची किंमत या आकड्याशी ताडून पाहावी.

दोष कोठे आहे हे शोधण्यासाठी एक थर्मामीटर आणि एक स्वच्छ उन्हाचा दिवस पुरतो. दुपारी एकच्या सुमारास, कोणीही गरम पाणी वापरत नसताना, पॅनेलमधून टाकीकडे जाणारा वरचा पाइप आणि टाकीतून पॅनेलकडे येणारा खालचा पाइप जपून हाताने तपासावा. वरचा कडकडीत आणि टाकी मात्र गार असेल, तर पाणी फिरत नाही: पाइपात हवा अडकली आहे, उतार बिघडला आहे किंवा नळ्या क्षाराने बुजल्या आहेत. दोन्ही पाइप सारखेच कोमट असतील, तर पॅनेल ऊनच घेत नाही: काच मळली आहे, काळा लेप उडाला आहे, तांब्याच्या नळीपासून पत्रा सुटला आहे किंवा शेजारी नवी इमारत उठून सावली पडू लागली आहे. संध्याकाळी पाणी उत्तम आणि पहाटे गार असेल, तर टाकीचे इन्सुलेशन भिजलेले असू शकते, किंवा टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा पुरेसा, म्हणजे साधारण एक फूट, उंच नसल्याने रात्री पाणी उलटे फिरत असते.

आणखी एक कारण सहज नजरेतून सुटते. बाथरूममधल्या मिक्सरच्या तोंडाला हाताने दाबायचा जेट लावलेला असेल आणि मिक्सरचे दोन्ही नळ उघडे राहत असतील, तर जास्त दाबाचे गार पाणी गरम पाण्याच्या पाइपात शिरते आणि सगळ्या घराचे पाणी कोमट होते. सोलर बदलण्यापूर्वी हे नळ एक दिवस पूर्ण बंद ठेवून पाहावेत. या तपासणीला काहीही खर्च नाही.

स्वतः करण्याजोगी कामे यावरून ठरतात. काच धुणे, हवा काढणे, पाइपाचा उतार सरळ करणे, उघड्या पाइपांवर नवे इन्सुलेशन चढवणे, हवेचा उभा पाइप मोकळा आहे की नाही हे पाहणे ही कामे घरच्या माणसाला जमतात. तो उभा पाइप कधीही बुच लावून बंद करू नये. त्याअभावी टाकी फुगण्याचा किंवा आत दबण्याचा धोका असतो. क्षार काढण्याचे कामही जमते, पण त्याला शिस्त लागते. सकाळी ऊन चढण्यापूर्वी पॅनेल कापडाने झाकावे, युनियन (पाइपाचा उघडता येणारा जोड) उघडून ते टाकीपासून वेगळे करावे, लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात सायट्रिक ॲसिडचे पाणी करून कूलरच्या छोट्या पंपाने ते फेस थांबेपर्यंत फिरवावे आणि मग भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन काढावे. हातमोजे आणि चष्मा हवाच. फरशी साफ करण्याचे ॲसिड मात्र वापरू नये, कारण त्यातल्या क्लोराइडने स्टेनलेस स्टीलच्या टाकीला बारीक छिद्रे पडतात आणि मग दुरुस्तीचा प्रश्नच संपतो.

जेथे हात घालू नये अशा दोन जागा आहेत. कॉइल, थर्मोस्टॅट आणि अर्थिंगचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि त्या मार्गावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे याची खात्री करावी; ओल्या बाथरूममध्ये ही काटकसर जिवावर बेतू शकते. पॅनेलची तांब्याची नळी फुटली असेल, तर ब्रेझिंगसाठी (धातू वितळवून नळी सांधण्यासाठी) पॅनेल उतरवून उद्यमनगरातल्या तांब्याचे काम करणाऱ्या कारागिराकडे न्यावे. सपाट पॅनेलचा मोठा गुण हाच आहे की ते दुरुस्त होते, आणि असे काम करणारे हात या शहरात आहेत.

आता त्याच्या शेजारी काचेच्या नळ्यांचा नवा सोलर ठेवून पाहू. दुहेरी काचेच्या मधली निर्वात पोकळी उष्णता धरून ठेवते, त्यामुळे हिवाळ्याच्या गार वाऱ्यात आणि विरळ ढगांत तो जुन्या पॅनेलपेक्षा सरस ठरतो. त्याची खरी सरशी जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात दिसते: बोअरचे पाणी तांब्याच्या अरुंद नळ्या लवकर बुजवते, तर रुंद काचेच्या नळीत क्षार तळाशी बसतो आणि नळी काढून धुता येते. एखाद्या नळीच्या टोकाचा चंदेरी ठिपका पांढरा झाला, की तिची पोकळी गेली असे समजून तेवढी नळी बदलता येते. उणीव अशी की, वळवाच्या गारांनी किंवा मुलांच्या चेंडूने एक नळी फुटली तरी टाकीतले पाणी वाहून जाते आणि ती बदलेपर्यंत सोलर बंद राहतो. नळ्या बसवताना भर उन्हात गार पाणी भरू नये. तापलेली रिकामी नळी तडकते.

दोन्ही सोलरांची एक मर्यादा सारखीच आहे. जून ते सप्टेंबर कोल्हापुरावर घाटाकडचे ढग असतात, आणि त्या काळात विजेचा आधार घ्यावाच लागतो.

येथे हीट पंपाचा विचार येतो. तो हवेतली उष्णता उचलून पाण्याला देतो, त्यामुळे तेवढ्याच गरम पाण्यासाठी साधारण एक-तृतीयांश वीज पुरते. वरचे १२० युनिट ४० वर येतात, आणि आपली सौम्य थंडी व पावसाळ्यातली दमट हवा त्याला मानवते. किंमत मात्र तिन्हींत सर्वांत जास्त आहे, आवाज होतो, मोकळी हवा लागते, आणि आतल्या गॅसचे किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाचे काम घरी मुळीच होत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या भागांत पाणी शिरले, तेथे तो तळमजल्यावर ठेवू नये. गच्चीवर विजेचे सौर पॅनेल असतील किंवा बसवायचे असतील, तर हीट पंपाची बाजू भक्कम होते. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान वीज बनवणाऱ्या पॅनेलला आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही, हेही लक्षात घ्यावे.

पेठांतल्या कौलारू किंवा जुन्या घरांना नुसत्या पाण्याचाच शंभर किलो भार पेलेल याची खात्री नसेल, तर त्यांनी साधा साठवण गीझर चांगल्या स्टारचा घ्यावा. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर बसवू नये, कार्बन मोनॉक्साइडने गुदमरण्याचा धोका असतो.

माझे मत स्पष्ट आहे. टाकी गळत नसेल, पॅनेल तांब्याचे असेल आणि घरात महापालिकेचे नळाचे पाणी येत असेल, तर आधी दुरुस्तीच करावी. ती चुकली तरी हातचे फार जात नाही. टाकीच गळू लागली असेल आणि पाणी बोअरचे असेल, तर नळ्यांचा सोलर घ्यावा. गच्चीवर सावली आली असेल किंवा पावसाळ्यातही रोज भरपूर गरम पाणी लागत असेल, तरच हीट पंपाचा खर्च करावा. पाणी नक्की किती जड आहे हे पैसे मोजण्यापूर्वी तपासून घ्यावे. जुने पॅनेल विक्रेत्याला बदल्यात देण्याचे ठरले, तर त्यातल्या तांब्याचे वजन करून चालू मोडीच्या भावाने किंमत काढावी आणि ती नव्याच्या बिलातून वेगळी दाखवून वजा करून घ्यावी.