२९ इंची अल्ट्रावाइड की २७ इंची क्यूएचडी? घरून मराठी मजकुराचं काम करणाऱ्यांसाठी

दोन्ही मॉनिटर माझ्या घरी आहेत. २९ इंची अल्ट्रावाइड, म्हणजे नेहमीपेक्षा लांबट, रुंद स्क्रीनचा, साधारण दीड वर्ष माझ्या टेबलावर होता, आता तिथे नेहमीच्या आकाराचा २७ इंची क्यूएचडी (२५६० बाय १४४० पिक्सेलवाला) आलाय आणि अल्ट्रावाइड मुलाच्या खोलीत गेला. माझं काम घरूनच चालतं, मराठी पुस्तकांची मुद्रितं (प्रूफं) तपासायची, मधूनच हिशेबाच्या एक्सेल शीट आणि रात्री वेळ मिळाला तर एखादा पिक्चर. त्यामुळे पुढचं सगळं या वापरावरून लिहितोय, गेमिंगवाल्यांचं गणित वेगळं असू शकतं.

घेताना मला कुणी सांगितली नव्हती ती गोष्ट आधी सांगतो. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले की अल्ट्रावाइड चांगलाच मोठा वाटतो, पण रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर आडवे आणि उभे किती ठिपके (पिक्सेल) आहेत ते बघा, २९ इंचीचं २५६० बाय १०८० आणि २७ इंचीचं २५६० बाय १४४०. म्हणजे आडवे पिक्सेल दोघांत अगदी तेवढेच! एक्सेलचे कॉलम दोन्हीवर सारखेच मावतात, फक्त अल्ट्रावाइडवर अक्षर थोडं मोठं दिसतं. आणि उंचीला मात्र ३६० पिक्सेल कमी. पट्टी लावली तर २९ इंचीची स्क्रीन साडेअठ्ठावीस सेंटीमीटरच्या आसपास उंच भरते, म्हणजे जुन्या २३ इंची मॉनिटरएवढीच, आणि २७ इंचीची साडेतेहतीस.

हे पाच सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, माझा निर्णय मात्र त्यांच्यामुळेच झाला. ए-फोर कागद २९.७ सेंटीमीटर उंच असतो. अल्ट्रावाइडवर खालचा टास्कबार आणि वरचे टूलबार यांची जागा वजा केली की पान खऱ्या मापात पूर्ण दिसतच नाही, खालच्या पाच-सहा ओळी कायम बाहेर. मी डावीकडे लेखकाची मूळ प्रत ठेवतो आणि उजवीकडे डीटीपीहून, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी होऊन, आलेलं पान, आता दोन्ही वेगवेगळं स्क्रोल करायचं म्हणजे प्रत्येक वेळी आपण कुठे होतो ती ओळ परत शोधा, आणि दिवसात साठ-सत्तर पानं असली की दुपारी चारनंतर डोळे आणि मान दोन्ही कुरकुरायला लागायचे. रुंदी भरपूर असूनही दोन्ही कडांना नुसती राखाडी जागा पडून असायची.

मग पान फिट करून वाचायला लागलो, तर ते खऱ्या आकाराच्या जेमतेम ऐंशी टक्के व्हायचं. इंग्रजी मजकूर त्यातही वाचता येतो हो, पण आपल्या लिपीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, यांना जागा द्यायची तर ओळींत अंतर जास्त ठेवावंच लागतं, आणि पान लहान केलं की सगळ्यात आधी ही चिन्हंच पुसट होतात. एका चरित्राच्या मुद्रितात 'दशरथसुत'चं 'दशरथसूत' झालेलं माझ्या नजरेतून सुटलं. ऱ्हस्व आणि दीर्घ उकार त्या आकारात मला एकसारखेच दिसत होते. संपादकांनी पुढे पकडलं म्हणून बरं, पण ती चूक मला फार लागली, कारण माझं कामच ते आहे.

आता २७ इंचीवर टूलबार लपवला की दोन ए-फोर पानं शेजारीशेजारी जवळजवळ खऱ्या मापात बसतात. इंचाला पिक्सेलही थोडे जास्त आहेत, ९६ च्या जागी १०९ च्या आसपास, त्यामुळे उकाराची शेपटी कुठे वळते ते स्पष्ट कळतं. महिन्याभरात डोळ्यांचा थकवा कमी झाला असं मला वाटतं, मोजून काही पाहिलं नाही.

पण एक आहे, २७ इंचीवर विंडोजची अक्षरं जरा बारीक वाटतात. चाळिशी लागली असेल तर स्केलिंग (विंडोजमध्ये सगळं मोठं दाखवायची सोय) १२५ टक्के करावं लागेल आणि मग रुंदीतली जागा कमी होते. उंची तरीही ११५२ पिक्सेलएवढी उरते, म्हणजे अल्ट्रावाइडपेक्षा जास्तच, पण तीन खिडक्या शेजारी लावायची सवय असेल तर तुम्हाला अडचण वाटेल.

पिक्चर बघायला अल्ट्रावाइडच भारी, त्यात वाद नाही. रुंद फ्रेमचे सिनेमे त्यावर जवळजवळ काठोकाठ भरतात, मुलगा तेवढ्यासाठीच तो सोडत नाही. क्रिकेट किंवा यूट्यूबला मात्र दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि चित्र २३ इंचीएवढंच उरतं. मीटिंगमध्ये पूर्ण स्क्रीन शेअर केली तर समोरच्याला लांबट बारीक पट्टी दिसते, नुसती एक खिडकी शेअर केली की ते भागतं.

३४ इंची, ३४४० बाय १४४० वाला घेतला तर उंचीची तक्रारच राहत नाही, तो उंचीला २७ इंचीएवढाच असतो. पण तो ऐंशी सेंटीमीटर रुंद आहे, माझं टेबल साडेतीन फुटी आणि शेजारी प्रिंटर, शिवाय किंमत बरीच वर जाते. जागा आणि बजेट दोन्ही असेल तर तो जरूर बघा.

माझ्या वेळी २९ आणि २७ मध्ये दीड-दोन हजारांचाच फरक होता, त्यामुळे पैशावर अडू नये. स्टँड मात्र वरखाली होतो का ते विचारा, स्वस्तातले नुसते पुढेमागे झुकतात. लॅपटॉप जुना असेल तर त्याचा एचडीएमआय (मॉनिटरची केबल लावायचा पोर्ट) २५६० बाय १४४० देतो का तेही तपासून घ्या.

आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्याकडे जिथे जाल तिथे पेनड्राइव्हवर स्वतःच्या कामाची एक मराठी पीडीएफ घेऊन जा. दुकानात धबधब्याचे आणि पक्ष्यांचे व्हिडिओ लावलेले असतात, त्यात दोन्ही सुंदरच दिसतात. आपली फाइल लावायला सांगा, पान पूर्ण फिट करा आणि नेहमीच्या अंतरावर बसून 'सुत' आणि 'सूत' वेगळे दिसतात का बघा.