सेन्सरचे दिवे की मोटरचे पडदे?

ओळखीच्या एका सीए ताईंचं पुण्यातलं ऑफिस पश्चिमेकडे पूर्ण काचेचं आहे. सध्या पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. आपोआप बंद होणारे दिवे घ्यावेत की मोटरचे पडदे, हा त्यांचा प्रश्न.

खर्चात दिवे सरळ जिंकतात. माणसाची हालचाल टिपून दिवा चालू-बंद करणारा पीआयआर सेन्सर बहुतेकदा जुन्या वायरिंगवरच बसतो. पडद्यांना मात्र खिडकीगणिक मोटर आणि मापाचं कापड लागतं.

दिव्यांच्या बचतीचा हिशेब सोपा आहे. 20 वॉटच्या 20 एलईडी ट्यूब रोज 4 तास कमी जळल्या, तर 300 दिवसांत 480 युनिट वाचतात. पडद्यांची खरी बचत एसीच्या बिलात दिसते, आणि ती पडदा कुठे आहे यावर ठरते. तो काचेच्या आत असेल तर उष्णता आधीच खोलीत शिरलेली असते. फिकट, परावर्तक कापड त्यातली थोडी परत धाडतं, इतकंच. बाहेरचा पडदा ऊन काचेआधीच अडवतो, पण त्याला वारा-पाऊस सोसावा लागतो. मावळतीचं ऊन तिरपं येतं, तिथे छज्जाही पुरत नाही.

कटकट म्हणाल तर पीआयआरला निश्चल बसलेला माणूस दिसत नाही. दिवा विझण्याआधीचा वेळ 15-20 मिनिटं ठेवावा. पडद्यांत मोटर बिघडली की तंत्रज्ञाची वाट पाहणं आलं.

जिने, पार्किंग, स्वच्छतागृहं, मीटिंग रूम यांना सेन्सरच घ्या. ताईंसारखी पश्चिमेची काच असेल आणि दुपारभर एसी चालत असेल, तर मी आधी बाहेरचे पडदेच घेईन. भाड्याच्या जागेत मात्र सेन्सरच बरे, सोबत नेता येतात.