जॅक रीचर: आठ महिने, सतरा पुस्तकं, त्यातलं एक दोनदा

जॅक रीचर ह्या हीरोच्या थरारक कादंबऱ्यांच्या मालिकेची ओळख करून देत बसत नाही. सहा फूट पाच इंच उंची, माजी मिलिटरी पोलीस मेजर, मिळेल त्या बसने भटकणार, हे सगळ्यांना माहितीये. आठ महिने ह्या मालिकेचा लेखक ली चाइल्ड वाचतेय, कधीतरी निवांत लिहायचंच होतं, पण आज लिहितेय ते चिडून.

झालं असं की 'रनिंग ब्लाइंड' मागवलं. सेकंडहँडच घेते मी, एकदा वाचून कपाटात जाणाऱ्या पुस्तकाला नव्याचे पैसे कशाला. रात्री सगळं आवरून वाचायला बसले. रेस्टॉरंटमध्ये रीचर बसलाय, दोन गुंड मालकाकडे हप्ता मागायला येतात, आणि मला वाटायला लागलं की हे कुठेतरी वाचलंय. म्हटलं असेल, ह्याच्या पुस्तकांत सुरुवातीलाच कोणीतरी मार खातं, त्यात नवीन काय. मग लष्करी हिरव्या रंगाने भरलेला बाथटब आला. उठले, कपाट उघडलं, 'द व्हिजिटर' काढलं आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. तेच पुस्तक! 2000 सालचं, ब्रिटनमध्ये एका नावाने आणि अमेरिकेत दुसऱ्या नावाने आलेलं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "मॅडम, तुम्ही मागवलं तेच पाठवलंय, परत कसं घेणार?" बरोबर आहे त्याचं, म्हणून तर जास्तच तिडीक गेली. नवरा म्हणाला, "अगं, मागचं पान वाचायचंस ना आधी." वाचलं होतं! मागच्या पानावर सगळ्या पुस्तकांची कथा सारखीच वाटते, त्याला मी काय करू.

आता मूळ तक्रार. कपडे.

हा माणूस कपडे धुवत नाही. स्वस्तातला शर्ट-पँट घेतो, तीन-चार दिवस घालतो, मग पुढच्या दुकानात नवीन घेऊन जुने तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकतो. आणि प्रत्येक पुस्तकात हे असं सांगतात जणू काय मोठं तत्त्वज्ञान आहे. चार दिवसांचा हिशोब धरला तरी वर्षाला नव्वद जोड झाले. नव्वद! सामान म्हणून जवळ काय, तर घडीचा टूथब्रश, आणि पुढच्या पुस्तकांत एटीएम कार्ड अन् मुदत संपलेला पासपोर्ट. त्याचं म्हणणं असं की एक जादा शर्ट ठेवला की जादा पँट आली, मग बॅग, मग घर, मग फॉर्म भरत बसा. अरे पण बेसिनमध्ये शर्ट खळबळायला घर कशाला लागतं? गंमत म्हणजे हाच माणूस रात्री गादीखाली पँट ठेवून इस्त्री करतो. ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा आपुलकी वाटली, माझे वडील हेच करायचे. पण ते पँट टाकून नाही द्यायचे, पुढे तिच्या पिशव्या व्हायच्या.

आणि कहर म्हणजे पहिलं पुस्तक, 'किलिंग फ्लोअर' (वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोडा). त्यात खलनायकांची टोळी एक डॉलरच्या नोटांवरची शाई धुऊन काढते आणि त्याच कागदावर शंभरच्या छापते. म्हणजे ह्या लेखकाच्या जगात नोटा धुतात, शर्ट धुवत नाहीत.

असं सगळं ठरवून तीन स्टार देणार होते. पण पैसे तर गेले होते, ते वसूल करायचे म्हणून 'रनिंग ब्लाइंड' उर्फ 'व्हिजिटर' पुन्हा अख्खं वाचलं. पहिल्यांदा खून कसे होतात ह्याच नादात होते. ह्या वेळी घर दिसलं. जुन्या वरिष्ठाने मृत्युपत्रात रीचरच्या नावावर घर ठेवलंय, फुकट मिळालेलं घर, आणि आपला हीरो त्याने कासावीस झालाय. कर आहे, विमा आहे, देखभाल आहे, आणि हे सगळं करायचं कसं हेच त्याला कळत नाही. गुंडांना न घाबरणारा माणूस बिलांना घाबरतो हो. आधी हसू आलं, मग लेखकाबद्दल वाचत बसले.

खरं नाव जिम ग्रँट. जन्म 1954 चा, कॉव्हेंट्रीचा, वाढला बर्मिंगहॅममध्ये. 1977 पासून मँचेस्टरला ग्रॅनडा टेलिव्हिजनमध्ये नोकरी, शेवटी शेवटी युनियनचा प्रतिनिधी, आणि 1995 मध्ये फेररचनेच्या नावाखाली घरी. वय चाळीस, पदरात बायको-मुलगी. तर ह्याने 3.99 पौंडांचे कागद-पेन्सिली आणल्या आणि पहिली कादंबरी हाताने लिहिली, ती 1997 ला आली. रीचर हे नाव सुपरमार्केटमधलं. हा उंच, म्हणून लोक वरच्या फळीवरच्या वस्तू काढून द्यायला सांगायचे, तर बायको म्हणाली की लिखाण नाही चाललं तर इथे 'रीचर', म्हणजे वर हात पोचवणारा, म्हणून नोकरी मिळेल तुला. ज्या दिवशी पहिलं पुस्तक सुरू केलं त्याच तारखेला, 1 सप्टेंबरला, नवीन सुरू करायचं आणि पुढे काय होणार ह्याचा आराखडा करायचा नाही, अशी त्याची पद्धत होती.

हे वाचल्यावर कपडे टाकण्याची तिडीक कमी झाली. गेली नाही, कमी झाली. साहेब नाही, हप्ते नाहीत, घरी कोणाला उत्तर द्यायचं नाही, असा माणूस नोकरी गेलेल्या चाळिशीतल्या संसारी बाप्यालाच सुचणार. ज्याला महिन्याची बिलं दिसतायत त्यालाच कपाट नसण्याचं सुख कळतं.

बाकी पटकन. मारामाऱ्या उत्तम, कारण हात उचलायच्या आधी अख्खं पान हिशोब चालतो, कोण कुठे उभा, कोणाचं वजन कुठल्या पायावर, आणि मार दोन ओळींत संपतो. '61 अवर्स' घेतलंत तर 'वर्थ डाइंग फॉर' सोबतच घ्या, मी नाही घेतलं आणि रीचर जिवंत आहे की नाही ह्या काळजीत बारा दिवस पार्सलची वाट बघितली. टॉम क्रूझचे सिनेमे उंचीमुळे बघवले नाहीत, 2022 पासूनच्या सिरीजमधला ॲलन रिचसन मात्र दारात उभा राहिला की दार भरतं. 2020 च्या 'द सेंटिनल' ह्या पुस्तकापासून लेखकाचा धाकटा भाऊ अँड्र्यू लिहायला जोडीला आला, मालिका त्याच्याकडेच सोपवायचं तेव्हाच ठरलं होतं. दोन वाचली त्या जोडीची, रीचर जरा जास्तच बोलायला लागलाय. आधी तो काहीच बोलायचा नाही आणि तेच छान होतं.

चार स्टार. एक शर्टांचा कापला.

'द व्हिजिटर' मी ठेवतेय. 'रनिंग ब्लाइंड' कोणाला हवं असेल तर सांगा, पुस्तक फुकट, पोस्टाचा खर्च तुमचा. 'द व्हिजिटर' आधीच घरात असेल तर मागू नका.