अलेक्झांडरचा ड्राख्मा की रोमचा डिनेरियस?

एका नाण्यामागे शंभर ते तीनशे पौंड घालायची तयारी आहे आणि घरात त्यावरून वाद होणार नाही, एवढं गृहीत धरतो. मग प्रश्न उरतो तो प्राचीन नाणी ग्रीक घ्यायची की रोमन. दोन्ही थोडी थोडी घेऊ, असं सुरुवातीला सगळेच म्हणतात, पण हळूहळू एक पारडं खाली जातंच. माझं कुठलं गेलं ते लपणार नाही. तरीही दुसऱ्या बाजूचं कौतुक आधी करतो, कारण ते मनापासून आहे.

या पैशात ग्रीक म्हणजे व्यवहारात अलेक्झांडरच्या नावाचे चांदीचे ड्राख्मा, लहान शहरांची अर्ध्या-पाव वजनाची चांदीची नाणी आणि पुष्कळसं ब्राँझ. अथेन्सचं घुबड, म्हणजे एका बाजूला घुबड आणि दुसऱ्या बाजूला अथीना देवी असलेलं नाणं, सगळ्यांना हवं असतं. पण ते सतरा ग्रॅमचं टेट्राड्राख्म (चार ड्राख्मांचं नाणं) बरं म्हणावं असं घ्यायचं तर या बजेटच्या दुपटीतिपटीत जातं. शिवाय त्याची एक खोड आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्सने ही नाणी घाईघाईने आणि प्रचंड संख्येने पाडली. चकती लहान, ठसा मोठा. त्यामुळे अथीनाच्या शिरस्त्राणाचा तुरा बहुतेक नाण्यांवर निम्मा बाहेरच राहतो. पूर्ण तुऱ्याचं घुबड मिळतं, पण मग त्या तुऱ्याची किंमत वेगळी मोजावी लागते.

ड्राख्मा मात्र आवाक्यात आहे. एका बाजूला सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला हेराक्लिस, दुसऱ्या बाजूला हातावर गरुड घेऊन बसलेला झ्यूस. वजन चार ग्रॅमच्या जरा वर, चांदी जवळजवळ शुद्ध. आणि उठाव असा की बोट फिरवलं तरी हेराक्लिसचा गाल जाणवतो. लगेच एखादा डिनेरियस, म्हणजे रोमचं चांदीचं नाणं, हातात घेतला तर तो चपटा वाटतो, हे मान्यच करायला हवं. निव्वळ डोळ्यांच्या सुखासाठी जमवणार असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, ग्रीक घ्या.

आता माझ्या त्रासाबद्दल. अलेक्झांडर इ.स.पू. 323 मध्ये बॅबिलॉनला वारला, पण त्याच्या नावाची नाणी त्यानंतरही पडतच राहिली. आधी त्याच्या सेनापतींनी पाडली, मग शहरांनी. काळ्या समुद्राकाठच्या ओडेसोस आणि मेसेम्ब्रिया या शहरांनी तर पार इ.स.पू. पहिल्या शतकापर्यंत. चित्र तेच, नाव तेच. ती उशिराची टेट्राड्राख्म पसरट असल्याने निदान ओळखू येतात. ड्राख्माचं तसं नाही. बाजारात दिसणारे बहुतेक ड्राख्मा पश्चिम आशिया मायनरमधल्या सार्डिस, मिलेटोस, कोलोफोन, लाम्पसाकोस अशा टाकसाळींचे, आणि त्यातले बरेच अलेक्झांडर गेल्यानंतरच्या दहावीस वर्षांतले. कुठला कुठला आणि केव्हाचा हे ठरतं झ्यूसच्या पुढ्यातल्या आणि सिंहासनाखालच्या बारीकशा खुणेवरून: एखादं अक्षर, एखादा मोनोग्राम (एकात एक गुंफलेली अक्षरं), एखादं फूल.

ती खूण नेमकी झिजलेली असते. झिजलेली नसली तर चकतीच्या बाहेर गेलेली असते. मग चिठ्ठीवर काय लिहायचं ते विकणाऱ्याच्या मनावर. जवळपास सारखाच दिसणारा ड्राख्मा मी एका टेबलावर ‘हयातीतला’ आणि दुसऱ्या टेबलावर ‘मरणोत्तर’ म्हणून पाहिलेला आहे, आणि हयातीतल्याचा भाव सरळ दीडपट. कोणी फसवत होतं असं म्हणवत नाही. त्या मिलिमीटरभर मोनोग्रामबद्दल अभ्यासकांचंच मत बदलत असतं. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने या नाण्यांसाठी ‘पेला’ नावाची फार चांगली ऑनलाइन सूची करून ठेवली आहे. पण तिथेही खूण वाचता आली तरच पुढे जाता येतं. मला हे सहन होईना. नाणं माझ्या तळहातावर, भिंग माझ्या डोळ्याला, आणि ते कधीचं हे मात्र दुसऱ्याने लिहिलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून मानायचं.

डिनेरियस याबाबतीत बोलका आहे. रोमच्या बादशहाला दरवर्षी ट्रिब्यूनचे (जनतेच्या प्रतिनिधीचे) अधिकार नव्याने मिळत आणि तो आकडा नाण्यावर येई. अक्षरं ‘टी आर पी’ (मालिकांचा तो वेगळा), आणि पुढे रोमन आकडा. सेप्टिमियस सेव्हेरस इ.स. 193 मध्ये गादीवर आला. त्याच्या नाण्यावर अठराचा आकडा दिसला की साल 210. तेव्हा हा माणूस ब्रिटनच्या उत्तरेत मोहिमेवर होता आणि पुढच्याच फेब्रुवारीत यॉर्कला वारला. हे मला कोणी सांगावं लागलं नाही, काठावरची अक्षरं लावली आणि झालं. अक्षरं अर्धवट असतील तर त्याच सोसायटीच्या ‘ओक्रे’ या सूचीत उरलेली टाकली की दोनचार पर्याय समोर येतात, आणि त्यातला एक मागच्या बाजूच्या चित्रावरून पक्का होतो. लॅटिन येत नसलं तरी अडत नाही. संक्षेप तेच तेच असतात, महिन्याभरात तोंडपाठ होतात.

अर्थात प्रत्येक रोमन नाणं इतकं सरळ नसतं. राण्यांच्या नाण्यांवर हा आकडा नसतो. ट्राजनच्या पुष्कळ डिनेरियसवर फक्त पाचवं कॉन्सलपद (कॉन्सल हे रोममधलं मोठं अधिकारपद) लिहिलेलं असतं, म्हणजे 103 ते 111 मधलं कुठलंही वर्ष. पण तिथेही निदान काय माहीत नाही ते माहीत असतं.

रोमनची खरी उणी बाजू म्हणजे चांदी. नीरो बादशहाने इ.स. 64 मध्ये वजन आणि कस दोन्ही उतरवले. सेव्हेरसच्या डिनेरियसमध्ये चांदी निम्म्याच्या आसपासच उरली. 215 मध्ये कॅराकल्लाने जे मोठं नाणं आणलं, ज्याला आज अँटोनिनियानस म्हणतात, त्यात पुढच्या पन्नास वर्षांत तांब्यावर चांदीचा नुसता मुलामा राहिला. शुद्ध चांदीचा मोह असेल तर नीरोच्या सुधारणेआधीचे किंवा प्रजासत्ताकाच्या काळातले डिनेरियस बघा. तेही या बजेटात बसतात, फक्त सालाची सोय तितकी राहत नाही. मला स्वतःला कस उतरत गेलेला पाहण्यातच मजा वाटते. एका ओळीत मांडलेली नाणी पाहिली की साम्राज्याची तिजोरी दिसते.

नकलांची भीती दोन्हीकडे आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मेसेम्ब्रिया आणि अपोलोनियाच्या लहान चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा बाजारात आला आणि तो खरा की बनावट यावर जाणकारांत जुंपली. शेवटी तो बनावट ठरला. रोमनमध्ये मुलामा दिलेले तांब्याचे डिनेरियस प्राचीन काळातच बनत होते. काठ आणि झिजलेले उंचवटे भिंगाखाली धरा, तांबूस काही दिसलं तर सोडा. साठसत्तर पौंडांच्या नाण्याची नक्कल करण्यात कोणाला फार फायदा नसतो, एवढाच काय तो रोमनला दिलासा. तोही अर्धाच, कारण पर्यटकांना विकायला तीही बनतात.

कागदपत्रांच्या बाजूनेही मला रोमन सोपं गेलं, पण हे आम्ही इंग्लंडात राहतो म्हणून. इथे शेतात सापडलेल्या नाण्यांच्या ठेव्याची 1996 च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे नोंद होते, आणि संग्रहालयाला नको असलेला ठेवा सापडणाऱ्याला परत मिळतो. असं नाणं विकत घेताना ते जमिनीतून कुठे निघालं हे कागदावर असतं. ड्राख्मा बहुतांशी आजच्या तुर्कस्तानच्या मातीतला. तिथे जमिनीतलं सगळं सरकारचं. तेव्हा जुन्या संग्रहाची पावती किंवा जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमधला फोटो मागितल्याशिवाय मी तरी पैसे देत नाही. भारतात राहून जमवणाऱ्यांनी 1972 चा पुरावशेष कायदा आधी वाचावा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, मग ते रोमचं असो की सातवाहनांचं.

दोन्हीत मन अडकलं असेल तर एक मधली वाट आहे आणि ती स्वस्त आहे: रोमच्या ताब्यातल्या इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची नाणी. रोमन बादशहाचा चेहरा, ग्रीक अक्षरं, आणि मागच्या बाजूला ग्रीक अंकात राज्यवर्ष. तिसऱ्या शतकातली ही टेट्राड्राख्म पन्नास पौंडांच्या आत मिळालेली मी पाहिली आहेत. चांदी नावापुरती, पण साल लख्ख. पश्चिम भारतातल्या क्षत्रप राजांचे ड्राख्मा हाताळलेल्यांना ती ओळखीची वाटतील. तिथेही राजाच्या चेहऱ्याभोवती बिघडलेली ग्रीक अक्षरं आणि डोक्यामागे ब्राह्मी अंकात शकवर्ष असतं. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये सापडलेल्या ठेव्यातली क्षत्रप नहपानाची नाणी त्याच प्रकारातली, पण नाण्यांवर साल येऊ लागण्याआधीची, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा मारून ठेवला आहे.

एकच नाणं घेऊन थांबणार असाल तर पैसे साठवून घुबड घ्या, मी अडवणार नाही. दर दोनतीन महिन्यांनी एक घेत जाणार असाल तर सेव्हेरस घराण्यापासून सुरुवात करून बघा: सेप्टिमियस, कॅराकल्ला, सेव्हेरस अलेक्झांडर. चाळीस ते ऐंशी पौंडांत स्वच्छ नाणं मिळतं. घेताना चेहऱ्यापेक्षा मागच्या बाजूची अक्षरं पूर्ण आहेत की नाही ते आधी बघा. चेहरा जरा झिजलेला चालतो.